दोघांपुरती नाव

आमची पहिली नाव १४ फुटांची होती. जुनीच, पण वरून निळा रंग मारून नवी केलेली. मागं पेट्रोलचं लहान इंजिन. हे नोकरीतून मोकळे झाले त्याच वर्षी आम्ही ती घेतली. यांना गरीचा नाद शाळेपासूनचा आणि माझं माहेर पूर्णाकाठचं, त्यामुळं मासा आणि पाणी दोन्ही मला परकं नव्हतं. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर मच्छीमार संस्थेची परवानगी काढून आम्ही जाऊ लागलो. दोनदा मुलगा सोबत होता, तेव्हा सगळं नीट पार पडलं. तिसऱ्यांदा आम्ही दोघंच गेलो.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. यांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि मासा लागायची वेळ टळेल म्हणून न्याहारी तशीच डब्यात ठेवली. नऊच्या सुमारास, काठापासून बऱ्याच आत, यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं. माझ्या पिशवीत तीळगुळाचा डबा होता. दोन लाडू पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हे सावरले. पण तेवढ्या वेळात वाऱ्यानं नाव पार भलतीकडं लोटली होती. मी इंजिनाची दोरी आठ-दहा वेळा ओढली, ते काही सुरू झालं नाही. माझा उजवा खांदा आधीच आखडलेला. वल्ही होती, पण त्या जड नावेचं तोंडसुद्धा माझ्या एकटीच्या हातून वळेना. शेवटी जाळं उचलायला निघालेल्या एका भोयानं आम्हाला दोर बांधून काठाला आणलं. नाव मुरमावर ओढायला चार माणसं लागली. तो म्हणाला, "काकू, पान्यात सगयेच डोंगे हलके वाटते. एकटीनं काठाले आनून पाहा, मंग समजते."

नाव निवडण्याची कसोटी मला त्या दिवशी कळली आणि ती अजून बदललेली नाही. दोघांपैकी जो ताकदीनं कमी, त्याला ती नाव एकट्यानं काठाला आणता आली पाहिजे. साठी-पासष्टीनंतर रक्तदाब, साखर, गुडघे, खांदा यांपैकी काही ना काही प्रत्येक घरात असतंच. पाण्यावर दोघांतला एक आडवा झाला, तर दुसऱ्यानं काय करायचं, याचं उत्तर नाव घेण्याआधी हवं. लांबी, इंजिन, बैठक, पैसा, सगळ्याचा विचार मी याच एका प्रश्नापासून करते.

त्याआधी एक काम मात्र उरकून घ्या. पाणी कुणाचं ते विचारा. आपल्याकडं धरणाचं पाणी आणि जमीन जलसंपदा खात्याची असते, मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेला असतो. धरणात दिसणारा कटला, रोहू, मृगळ हा बहुतेक आपसूक आलेला नसतो. संस्थेनं पैसे भरून सोडलेल्या बोटुकलीचा तो मोठा झालेला मासा असतो. भोई समाजाची कितीतरी घरं त्यावर चालतात. म्हणून आधी अमरावती किंवा अकोल्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात चौकशी करा, मग त्या तलावाच्या संस्थेकडं जा, गरी किती, मासा किती, शुल्क किती, हे बोलून घ्या आणि परवानगी लेखी घ्या. संस्थेची माणसं ओळखीची झाली की ती अडीअडचणीला धावून येतात, हे मी अनुभवानं सांगते.

अकोलेकरांना सगळ्यात जवळचं मोठं पाणी म्हणजे महानचं काटेपूर्णा धरण. पण त्याला लागून काटेपूर्णा अभयारण्य आहे, तिथं वनखात्याचे नियम लागतात; आपल्या मनानं नाव घालायची ती जागा नव्हे. वारी हनुमानजवळचं वान धरण मेळघाटच्या पायथ्याशी आहे, तिथंही जंगलाची हद्द कुठून सुरू होते ते आधी समजून घ्या. व्याघ्र प्रकल्पातल्या सिपना-गडगा नद्यांचा तर विचारच नको. गावाजवळचे लहान सिंचन तलाव निवृत्त जोडप्याला खरे सोयीचे. पाणी बेताचं, चारही काठ डोळ्यांना दिसणारे, हाकेच्या अंतरावर कुणीतरी असतंच. नाव पेट्रोलवरची असो की बॅटरीवरची, २०२१ च्या केंद्रीय अंतर्देशीय जलयान कायद्यानं यंत्रावर चालणाऱ्या नावांना नोंदणी आणि तपासणी लागू केली आहे. आपल्या नावेला त्यातलं काय लागतं याची विचारणा महाराष्ट्र सागरी मंडळाकडं करून घ्यावी.

आता काठाकडं या. नावेच्या माहितीपत्रकात ज्याबद्दल अक्षरही नसतं, ती वऱ्हाडातली खरी अडचण म्हणजे काठाची काळी माती. दिवाळीत धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी गवतापर्यंत येतं, नाव सहज सुटते. जानेवारीपासून पाणी खाली सरकत जातं आणि मागं उरतो गाळ. वरून सुकून भेगाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. या चिखलातून पाय उपसताना चप्पल जाते, तोल जातो आणि साठीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. त्यामुळं नाव घेण्याआधी निदान दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ठरलेल्या तलावाच्या काठानं चालून या. मुरमाची किंवा खडकाची उतरती जागा शोधा, जिथं पाणी खाली गेलं तरी पायाखाली कठीण लागेल. भोई कुठून डोंगे सोडतात ते पाहिलं की बहुतेक उत्तर मिळतं. अशी जागा नसेल तर त्या तलावासाठी नाव घेऊच नका. काठावरून गरी टाकण्यातही आनंद आहे.

नाव काठापर्यंत न्यायची कशी, हेही याच हिशोबातलं. गाडीच्या टपावर नाव चढवणं दोन म्हाताऱ्या माणसांचं काम नाही. मागं जोडायचा ट्रेलर म्हटलं की त्याची नोंदणी आली, आणि तो उलटा मागं घेणं चांगल्या चालकालाही जमत नाही. आपल्याकडं सरळ उपाय म्हणजे भाड्याचा छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो. त्याचा हौदा साधारण सात फुटांचा, तेव्हा दहा फुटांची नाव मागचं फळकं पाडून नीट बांधली, मागं लाल फडकं लावलं की जाते. चौदा फुटांची नाव मात्र त्यात कशीही बसत नाही, म्हणजे दर वेळी मोठी गाडी आणि चार माणसं शोधणं आलं. आम्ही पहिल्या नावेत दोन वर्षांत सहा वेळाच बसलो, त्याचं कारण एवढंच होतं. संस्थेच्या ओळखीनं काठाजवळच्या एखाद्या शेतात, सावलीत, पालथी घालून नाव ठेवता आली तर फारच उत्तम.

म्हणून लांबी १० ते ११ फूट आणि रुंदी निदान ४ फूट, हे माप मी सांगते. लहान नावांसाठी एक ढोबळ हिशोब वापरतात: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले पंधरा, म्हणजे बसणाऱ्या माणसांचा आकडा. १० गुणिले ४ म्हणजे ४०, त्याला १५ नं भागलं की अडीचच्या आसपास. दोन माणसं आणि सामान, बास. नातू सुट्टीत आला, भाचा आला, म्हणून तिसरा-चौथा कोंबायचा नाही. वरुड तालुक्यातल्या झुंज इथं १४ सप्टेंबर २०२१ ला वर्धा नदीत एक छोटी नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. आपल्या जिल्ह्यातली गोष्ट आहे ती. अजून आठवलं की पोटात खड्डा पडतो. नाव किती लोकांची आहे हे आतल्या बाजूला मोठ्या आकड्यात रंगवून घ्या, म्हणजे आग्रह करणाऱ्याला बोट दाखवता येतं.

तळाचा आकार हा पुढचा मुद्दा. यात दुकानदाराचं बोलणं कमी ऐका आणि स्वतः पाय ठेवून पाहा. गोल तळाची नाव पाणी छान कापते, पण पाऊल टाकताच डुलते. होडीसारखा खोल टोकदार तळ समुद्रासाठी, मोठ्या लाटांसाठी. धरणाच्या पाण्यात, गळ टाकून तासन् तास एका जागी बसायचं असेल तर सपाट तळ किंवा तीन उंचवट्यांचा तळ चांगला. त्यावर माणूस थोडा कडेला सरकला तरी नाव फारशी कलत नाही. सपाट तळाचा एक दोष आहे: वारा सुटला की लाटा खालून थपडा मारतात, पाणी अंगावर उडतं, कंबरेला हादरे बसतात. पण वारा सुटल्यावर आपण पाण्यावर असायचंच नाही, हा नियम पाळणार असाल तर तो दोष चालण्यासारखा आहे. कड मात्र उंच हवी. दोघं सामानासह बसल्यावर पाण्यापासून कडेपर्यंत निदान ९-१० इंच मोकळे राहिले पाहिजेत. टेप घेऊन जा, मोजा. मोजताना लाजायचं काहीच कारण नाही.

कयाक हल्ली फार दिसतात. तरुणांना ठीक आहेत. पाय लांब करून जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसायचं आणि उठताना गुडघ्यावर सगळा भार, हे आपल्या वयाला नको.

नाव कशाची असावी, यात माझं मत पक्कं आहे, पण पर्याय सांगते. लाकडी डोंगा सुंदर असतो. मात्र दरसाल डांबर, उन्हाळ्यात फळ्या सुकून पडणाऱ्या फटी आणि वजन, हे सगळं ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या ते काम आहे त्याला जमतं. आपल्या धरणांवर पत्र्याचे डोंगे दिसतात, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेले. स्वस्त, दणकट. पण त्यात पाणी भरलं की तो दगडासारखा तळाला जातो, कारण तरंगत ठेवणारं आत काहीच नसतं. भोयाला पोहता येतं, त्याचं शरीर त्या पाण्याचं आहे. आपण त्याची नक्कल करू नये.

हवा भरायच्या रबरी नावा ऑनलाइन सहज मिळतात. पंधरा-वीस किलोत काम होतं, घडी घालून गाडीच्या डिकीत बसतात, त्यामुळं पुष्कळांना मोह होतो. शहरातल्या माणसाला पहिलं वर्ष पाण्याची सवय व्हायला अशी नाव वाईट नाही. पण आपल्या तलावांचे काठ बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे. काटा पाण्याखालच्या फांदीला असतो, डोळ्यांना दिसत नाही. शिवाय गरीचा आकडा सोबत असतोच. दुसरं आपलं ऊन. सकाळी थंडीत टम्म फुगवलेली नाव अकराच्या उन्हात आतली हवा तापून शिवणीवर ताण घेते. मार्चनंतर तर ती थोडी सैलच भरावी लागते. आणि वारा तिला पानासारखी उडवत नेतो. घ्यायचीच तर हवेचे निदान तीन वेगळे कप्पे असलेली आणि खाली कडक फळी बसणारी घ्या.

ॲल्युमिनियमची सपाट तळाची दहा फुटी नाव ५० किलोच्या आसपास बसते, दगडावर घासली तरी फुटत नाही. उन्हात बसायची फळी तव्यासारखी तापते, त्यावर गोधडीची घडी टाकली की झालं. आपल्या बाजारात ती तयार सहसा दिसत नाही, मागणी नोंदवून करून घ्यावी लागते. फायबरची त्याच मापाची नाव जरा जड, ७०-८० किलोपर्यंत, पण कोकण, गोवा, केरळकडचे कारागीर ती चांगली करतात, आणि ओरखडा पडला तर दुरुस्ती अमरावतीतला फायबरचं काम करणारा माणूसही करू शकतो. आमची आताची नाव फायबरची आहे, साडेदहा फुटांची. मी फायबरच सुचवेन, एका अटीवर: बसायच्या फळ्यांखाली बंद कप्पे हवेत आणि त्यात फोम भरलेला हवा. एक लिटर फोम साधारण एक किलो भार पाण्यावर धरतो. नाव पाण्यानं काठोकाठ भरली तरी बुडू नये, दोघांना धरून राहता यावी, एवढा फोम हवा. विकणाऱ्याला सांगा, आमच्या समोर पाण्यानं भरून दाखव. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरा विकणारा शोधा. आमच्या पहिल्या नावेच्या फळ्या उघडून पाहिल्या तेव्हा आत जुने कागद आणि उंदराचं घरटं निघालं.

वजनासाठी चाकं घ्या. नावेच्या मागच्या कडेला लागणारी, जाड, रुंद, हवा भरायची दोन चाकं मिळतात. बारीक चाक काळ्या मातीत रुततं, रुंद चाक वर राहतं. चाकं लावल्यावर फक्त पुढचं टोक उचलावं लागतं. एकटं माणूस दमादमानं नाव पाण्यापर्यंत नेऊ शकतं.

इंजिनाबद्दल मी थोडी हट्टी आहे. अमरावती शहर अप्पर वर्ध्याचं पाणी पितं आणि अकोला काटेपूर्णेचं. ज्या पाण्यावर आपल्या घरातला माठ भरतो त्यात पेट्रोल आणि ऑइलचा थर सोडायचा, हे मला पटत नाही. त्याहून मोठं कारण ती दोरी. लहान इंजिनांना झटका देऊन दोरी ओढावी लागते. ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी ती ओढणारा आडवा झालेला असतो. बॅटरीवरची मोटर मूठ फिरवली की चालते, आवाज नाही, मासाही बुजत नाही.

अशा मोटरीची ताकद पौंडांत सांगतात. दर ४५ किलो वजनाला २ पौंड, हा किमान हिशोब. नाव ७५ किलो, आपण दोघं मिळून १३०, बॅटरी आणि सामान ५०, म्हणजे सगळे २५५ किलो. हिशोबानं ११-१२ पौंडही पुरतील. पण तो आकडा वारा नसतानाचा. वाऱ्याविरुद्ध परत यायचं असेल तर ४० पौंडांची मोटर घ्या. तिच्यापेक्षा मोठी नको, ती उगाच बॅटरी खाते. बॅटरीसाठी लांब जायची गरज नाही. ई-रिक्षाला लागणारी १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरच्या आसपासची बॅटरी अकोला-अमरावतीत सहज मिळते. तिचं वजन मात्र तीस किलोच्या घरात, आणि ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे पूर्ण जोरात सव्वा तास, हळू चालवली तर तीन तास. लिथियमची त्याच क्षमतेची बॅटरी बारा-तेरा किलोत होते आणि जास्त खोलवर वापरता येते. पैसे जास्त पडतात. पण काळ्या मातीच्या उतारावर तीस किलो उचलून कंबर धरली की दवाखान्यातच तेवढे जातात, म्हणून ऐपत असेल तर इथं काटकसर नको. बॅटरी झाकणाच्या पेटीत, नावेच्या मधोमध, पट्ट्यानं बांधलेली हवी. तारेत फ्यूज हवाच.

मोटर असली तरी वल्ही सोबत हवीत आणि ती कडेच्या खुंट्यांत अडकवलेली, हाताशी हवीत. वल्हवायची फळी अशा जागी असावी की बसणाऱ्याचे पाय समोर कशाला तरी टेकतील. पायाला टेकू नसेल तर जोर लागतच नाही. घेण्याआधी दोघांनी वेगवेगळं, एकट्यानं, पाव किलोमीटर वल्हवून पाहा. मला आमच्या या नावेत तेवढं अंतर दम न लागता कापता येतं. पहिलीत पन्नास फूट जमलं नव्हतं.

बसायची जागा गुडघ्यांना विचारून ठरवा. घरच्या खुर्चीसारखी, पंधरा-सोळा इंच उंच आणि पाठ टेकता येणारी बैठक असली तर तीन तास निघतात. पण यापेक्षा उंच, फिरणारी खुर्ची बसवू नका. वजन जितकं वर, तितकी नाव कलते. चढताना एकानं पुढचं टोक धरायचं, दुसऱ्यानं पाऊल नेहमी मधल्या रेषेवर टाकायचं, दोन्ही हात दोन्ही कडांना, आणि लगेच बसायचं. मासा लागला की उठून उभं राहायची ऊर्मी होते. आमच्याकडं नियम आहे: एक जण मासा खेळवतो, दुसरा जागचा हलत नाही. चार-पाच किलोचा कटला लागला की दोघंही एकाच कडेला वाकतात, आणि नाव उलटते ती अशी.

पाण्यात पडलं तर परत वर कसं यायचं, हे फार थोडी माणसं करून पाहतात. पोहता येणाऱ्यालाही नावेच्या कडेवरून हाताच्या जोरावर वर येणं साठीनंतर जमत नाही. दोराची शिडी उपयोगाची नाही, पाय ठेवला की ती तळाखाली जाते. मागच्या बाजूला घडी होणारी धातूची शिडी बसवा, जिच्या निदान दोन पायऱ्या पाण्याखाली जातील. आणि एखाद्या उबदार सकाळी, काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, ओळखीचं माणूस जवळ ठेवून दोघांनी एकेकदा वर चढून पाहा. मला दुसऱ्या प्रयत्नात जमलं, यांना चौथ्या. आम्ही एक पायरी वाढवून घेतली.

लाइफ जॅकेटचं थोडक्यात सांगते, पण यात तडजोड नाही. पोहता येणाऱ्या, वल्हवणाऱ्या माणसांसाठी असतं ते ५० न्यूटनचं. आपल्याला १०० न्यूटनचं, मानेमागं कॉलर असलेलं हवं, जे शांत पाण्यात तोंड वर धरायला मदत करतं. ते काठावर घालायचं आणि परत काठावर आल्यावरच काढायचं. साडी आणि धोतर घरी ठेवा. ओलं झालं की पायांना वेढा बसतो. मी सलवार-कुर्ता घालते, सुरुवातीला अवघड वाटलं, आता वाटत नाही. गळ्यात शिट्टी, पाणी न जाणाऱ्या पिशवीत फोन, गोळ्या, गूळ-शेंगदाणे, प्यायचं पाणी. आणि न्याहारी करूनच निघायचं.

नांगर तीन-चार किलोचा पुरतो, पण दोर पाण्याच्या खोलीच्या चौपट लांब हवा, नाहीतर नांगर तळाला धरत नाही. तो नेहमी पुढच्या टोकाला बांधावा. मागं बांधला तर लाट मागच्या ठेंगण्या कडेवरून थेट आत येते. दोराजवळ एक धारदार विळा किंवा चाकू ठेवा. आपल्या धरणांत बुडालेली झाडं, जुन्या गावांच्या भिंती असतात, संस्थेची जाळी लावलेली असतात. नांगर अडकला तर दोर कापून मोकळं व्हा. जाळ्यात मोटरीचा पंखा गुंतला तर मात्र आधी मोटर बंद करून हातानं सोडवा, जाळं कापू नका; ते कुणाचं तरी पोट आहे.

राहिला वारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने, सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत. मार्चमध्येही चालतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी अकोल्याचा पारा ४५ कडं जातो, वावटळी उठतात आणि वळवाचा पाऊस अर्ध्या तासात आभाळ काळं करतो. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडं जाणारी नाव अशाच वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. निघण्याआधी नागपूरच्या हवामान केंद्राचा विदर्भाचा अंदाज पाहा, फोनवर विजेची सूचना देणारं दामिनी ॲप ठेवा. गडगडाट ऐकू आला की गरी गुंडाळायची. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहतो. बॅटरी निम्मी झाली की परत फिरा. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाज्यांच्या खालच्या बाजूला कधीच नाही. जून ते ऑगस्ट नाव घरात. तेव्हा कटला-रोहूची अंडी सोडायची वेळ असते, त्यांनाही मोकळं सोडावं.

पैशाचं म्हणाल, तर हाती जेवढे असतील त्यातले दोनतृतीयांशच नावेवर घाला. उरलेल्यात जॅकेट, चाकं, शिडी, बॅटरी, वल्ही येतात. आम्ही पहिल्यांदा सगळे पैसे नावेत घातले आणि जॅकेट पुढच्या महिन्यात घेऊ म्हणालो होतो.

या वर्षी दिवाळीनंतर आम्ही नऊ वेळा गेलो. नाव मी चालवते, हे गरी सांभाळतात. कणकेत थोडी ढेप मळून गोळा लावला की रोहू येतोच, कधी मरळ लागते, कधी रिकाम्या हातानं परततो. तुम्ही नाव पाहायला जाल तेव्हा दोघं मिळून जा, आणि पाण्यात ती उतरली की ज्याला नावेचा नाद आहे त्यानं हात बांधून पुढं बसावं. वल्हं दुसऱ्याच्या हाती द्या आणि त्याला ती काठाला आणू द्या. आणता आली तरच पैसे मोजा.